जाते नको, येते म्हण

जुलैतल्या एका सकाळी साडेसहाला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. ही तिच्या फोनची वेळ नव्हती. तिचा फोन रविवारी यायचा, काकूच्या मोबाइलवर, आणि मग तो मोबाइल गढ्यातल्या आमच्या घराच्या दोन्ही मजल्यांवर प्रसादासारखा फिरायचा. त्या दिवशी मात्र तिने थेट मला लावला.

"नोकरी गेली," ती म्हणाली. "आई-बाबांना मीच सांगेन, तू एवढ्यात बोलू नकोस." मग जरा थांबून, "साठ दिवस आहेत."

ज्यांच्या घरातलं कुणी अमेरिकेत नोकरीला आहे, त्यांना हे साठ दिवस माहीत असतील. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी सुटली की दुसरी नोकरी शोधा, दुसरा व्हिसा बघा नाहीतर परतीचं तिकीट काढा. त्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ताई २०१८ च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला गेली होती. शिक्षण, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, एडिसनमधलं भाड्याचं घर, जुनी गाडी, लॉकडाऊन, सगळी मिळून सात वर्षं. ती ६० दिवसांत आवरायची.

पहिले ४० दिवस तिने नोकरी शोधली. मुलाखती झाल्या, दोन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली, जमलं नाही. मग तिने तिकीट काढलं आणि घरी सांगितलं. काकूला रडू येईल असं मला वाटलं होतं. काकू म्हणाली, "बरं झालं. घरी ये." काकांनी दुसऱ्याच दिवशी वरची खोली रंगवायला माणूस बोलावला. आजीने लाडवांचं सामान काढायला सांगितलं. आमच्या घरात दिवाळी दीड महिना आधीच आली.

हातात २० दिवस उरले होते. मी तिला विचारलं, "तुझ्या मैत्रिणी काय म्हणाल्या?"

"कुणाला सांगितलेलं नाही."

"कधी सांगणार?"

"नाही सांगणार. इथून निघाले की विमानतळावरून मेसेज टाकेन. मला ती रडारड नको, पार्टी नको. आणि काय सांगू? मला काढून टाकलं म्हणून चालले?"

मला राग आला. खरं तर मला राग यायचं काही कारण नव्हतं. सात वर्षं तिथे ती राहिली होती, मी नव्हे. पण मी पोटासाठी जे लिहिते त्यात 'निरोप समारंभासाठी दहा भन्नाट कल्पना' हा लेख एका दुपारी दोन भाषांत लिहून दिलेला आहे. फुगे, फोटोंची भिंत, सगळ्यांच्या सह्यांचा टी-शर्ट. त्या दहा कल्पनांमधली एकही ताईला सांगावी अशी नव्हती, याचाच बहुतेक राग आला असावा. ज्याला लाज वाटतेय, ज्याचं जाणं त्याने ठरवलेलं नाही, त्याने निरोप कसा घ्यायचा, हे कुणी लिहायला सांगत नाही.

तेव्हा मला रोझेल आठवलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एका प्रकल्पासाठी मी आनंदीबाई जोशींवर वाचत होते. त्यांची गोष्ट आपल्याला पाठ असते. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' आमच्या कपाटातही आहे, मुखपृष्ठ गेलेली. २०१९ मध्ये सिनेमा आला तेव्हा आम्ही घरातल्या पाचजणी मिळून तो बघितला. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ आणि दहा दिवसांत ते बाळ गेलं. मग डॉक्टर व्हायचा ध्यास, बोट, पदवी, आणि बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत मृत्यू. ही गोष्ट सांगताना आपण गोपाळरावांच्या हट्टाकडे बघतो, समुद्र ओलांडण्याकडे बघतो. माझ्या मनात मात्र राहिली ती रोझेलमधली एक बाई.

थिओडिशिया कार्पेंटर तिचं नाव. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं आणि ते तिकडच्या एका ख्रिस्ती मासिकात छापून आलं होतं. मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे ते मासिक त्यांच्या हाती लागलं. त्यांनी १८८० मध्ये, ना ओळख ना देख, हिंदुस्थानातल्या त्या मुलीला पत्र लिहिलं. मग तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. एक पत्र पोचायला महिना-दीड महिना, उत्तराला तेवढाच. भेट व्हायच्या आधीच आनंदीबाईंनी त्यांना मावशी करून टाकलं होतं.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीवर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. उतरवून घ्यायला मिसेस कार्पेंटर आल्या होत्या. पहिले काही महिने त्या रोझेलच्या घरीच राहिल्या. मला आवडलेली एक छोटीशी गोष्ट सांगते: त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने रोझेल गावात खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले होते. तशा तारांनी उजळलेलं ते पहिलं गाव. म्हणजे अठरा वर्षांची आनंदी पोचली तेव्हा त्या लहानशा गावात विजेचे दिवे होते. आणि आमची ताई राहत होती त्या गावाला त्याच एडिसनचं नाव आहे. तिथून रोझेल गाडीने अर्ध्या तासावर. सात वर्षांत तिला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, डीन रेचेल बॉडली, थंडी, शाकाहार, खोकला. तिथला ऑक्टोबर १८८५ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतली जपानची केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातली सीरियाची सबात इस्लामबूली. मी तो फोटो कितीदा तरी बघितला असेल. तिघींपैकी कुणीही तिथे कायमचं राहायला आलेलं नव्हतं, आणि तिघींनाही ते माहीत होतं. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. त्यानंतर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आनंदीबाई आणि गोपाळराव परत निघाले. क्षय तोवर अंगात मुरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या नोकरीवर रुजू व्हायचं राहूनच गेलं.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटरना पाठवली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला असावा, कारण शेवटी मी म्हणाले, "आणि त्या बाईला न सांगता ती बोटीत बसली असती, तर ती रक्षा कुणाच्या पत्त्यावर गेली असती?"

ताई हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा हसली. "नोकरी गेलीय माझी," ती म्हणाली. "तू एकदम राखेपर्यंत कुठे पोचलीस?"

पण दुसऱ्या दिवशी ती खालच्या आजींकडे गेली.

खालच्या आजींबद्दल सांगायला हवं. ताई राहत होती त्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. मूळच्या पोलंडच्या. लग्न होऊन तिकडे गेल्या, नवरा गेला, मुलगा दुसऱ्या राज्यात. वय ८० च्या पुढे. ताई त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारते, पण आमच्या घरात त्या पहिल्यापासून खालच्या आजी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ताई स्वतःचं सामान आणताना त्यांचंही आणायची आणि दाराशी ठेवायची. एकदा तिने स्टीलच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली. डबा धुऊन, पुसून, रिकामा परत आला. तेव्हा ताईने दाराच्या फटीतून त्यांना सांगितलं की आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आजींना हे फारच पटलं. पुढच्या वेळी डब्यात पिएरोगी आले, बटाटा आणि चीज भरलेले. ताईने फोटो पाठवला तर आमची आजी म्हणाली, "अगं, या तर तिकडच्या करंज्या." तेव्हापासून तो डबा पाच वर्षं वर-खाली करत होता. पुढे आजींची काचेची एक खोलगट डिशही त्यात सामील झाली, त्यामुळे कुणाचं काय कुणाकडे आहे याचा हिशेब कधी पुरा झाला नाही.

ताई गेली, बसली, आणि म्हणाली, मला सांगायचंय. आजी म्हणाल्या, मला माहीत आहे. दीड महिना तुझी गाडी दिवसभर पार्किंगमध्येच आहे. विचारलं नाही, कारण तू सांगशील म्हणून थांबले होते.

म्हणजे ताई लपवत होती आणि त्या खिडकीतून बघत होत्या. हे ऐकून मला कसंतरी झालं. आपण गुपचूप निघायचं ठरवतो तेव्हा वाटतं की त्रास फक्त आपला आहे, आपण तो स्वतःपुरता आवरतोय. समोरचा माणूस तेवढ्या वेळात काय काय समजून घेत असतो ते आपल्या गावीही नसतं.

ऑफिसातली मैत्रीण तर याहून वेगळंच समजून बसली होती. ती केनियाची. ज्या दिवशी ताईला काढलं त्या दिवशी तिची नोकरी राहिली. ताई तिचे मेसेज उघडत नव्हती, कारण तिच्याशी बोललं की ऑफिस आठवायचं. तिला वाटलं, माझी राहिली आणि हिची गेली म्हणून ही माझ्यावर रागावली. ताईने फोन केला तेव्हा ती रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून अर्धा तास बोलली. म्हणजे ताई ठरवल्याप्रमाणे विमानतळावरून मेसेज टाकून आली असती, तर या बाईच्या मनात तो राग कायमचा खरा ठरला असता.

सगळं असंच गोड झालं असं मात्र नाही. एका मैत्रिणीने, जिच्या लग्नात ताईने तीन दिवस राबून फुलं लावली होती, "अरे वा, सेफ जर्नी" एवढंच लिहिलं आणि भेटायला जमणार नाही म्हणून कळवलं. आणखी एकाने उत्तरच दिलं नाही. ताईला लागलं. मी सांत्वन करायला गेले तर म्हणाली, "ठीक आहे, कळलं तरी." निरोप घ्यायला गेलं की हेही कळतं, आणि त्याची तयारी ठेवायला लागते.

पार्टी तिने केली नाही आणि मला वाटतं बरोबर केलं. वीस माणसं एका खोलीत आली की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि ती पाच मिनिटं फोटोत जातात. त्याऐवजी ती रोज एकाला भेटली. कुणाबरोबर ओक ट्री रोडवर डोसा, कुणाबरोबर कपड्यांच्या घड्या. तुमच्याकडचं कुणी असं परतायच्या तयारीत असेल तर एवढंच सांगेन, सामान आवरायला मैत्रिणींना बोलावा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, आणि मध्येच रडू आलं तर कपाटात डोकं घालता येतं.

सामानाचं वाटपही त्यातच झालं. विमानात २३ किलोच्या दोन बॅगा, बाकी सगळं तिथेच. कुकर जुन्या गुजराती रूममेटला गेला; त्याची शिट्टी कशी बसवायची हे फक्त तिलाच जमायचं. पोळपाट-लाटणं केनियाच्या मैत्रिणीला. तिकडे चपाती हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि ती आमच्या ताईपेक्षा गोल लाटते, असं ताईच सांगते. मसाल्याच्या डब्यावर दोघींचा डोळा होता. चिठ्ठ्या टाकल्या.

निघायच्या आधीच्या रविवारी चौघी पोकिप्सीला गेल्या. कल्पना माझी नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. रूममेट, केनियाची मैत्रीण, खालच्या आजी आणि ताई, मैत्रिणीच्या गाडीत. हडसन नदीच्या काठचं गाव, एडिसनहून साधारण दोन तास. तिकडे दुपार होती, आमच्याकडे रात्रीचे दहा. काकूच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला आणि आम्ही सगळे खाटेवर गोळा झालो. मोठी झाडं, उतारावर गवत, त्यात सारख्या अंतरावर दगड. ताईने मोबाइल एका दगडासमोर धरला. इंग्रजी अक्षरांत आनंदीबाईंचं नाव, एम.डी., १८६५, १८८७, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर. आमची आजी चष्मा लावून बघत होती. "फुलं वाहिलीस का?" तिने विचारलं. ताईने वाहिली होती, सुपरमार्केटमधली शेवंती.

खालच्या आजींनी ताईला विचारलं, ही तर हिंदुस्थानात वारली ना, मग इथे कशी? ताईने सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दगडाच्या कडेने वाढलेलं गवत हाताने उपटत राहिल्या. त्यांचा नवराही परक्या मातीतच आहे.

इथे जरा रमाबाईंची आठवण काढते. त्या १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला म्हणून गेल्या आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त फिरल्या. निघायच्या आधी, डिसेंबर १८८७ मध्ये, बॉस्टनला त्यांच्या स्नेह्यांनी रमाबाई असोसिएशन स्थापन केली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते त्या मदतीवर. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या प्रवासाचं मराठी पुस्तकही काढलं. रमाबाईंना निरोप घेणंही कामाला लावता आलं. सगळ्यांना ते जमत नाही. आमच्या ताईला एक दगड आणि सुपरमार्केटची शेवंती एवढंच जमलं.

निघायच्या सकाळी ताई खालच्या आजींच्या दाराशी गेली. गावाला निघताना आमच्याकडे हातावर दही देतात हे तिने कधीतरी त्यांना सांगितलेलं होतं. आजी फ्रिजपाशी गेल्या आणि चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवलं. स्ट्रॉबेरीचं होतं. घरात तेवढंच होतं. ताईने ते खाल्लं आणि हात पुसता पुसता सवयीने मराठीत म्हणाली, "येते."

आजींनी अर्थ विचारला. ताईने सांगितला, की आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. लहानपणी कुणी जाते म्हटलं की आजी ओरडायची, जाते नको, येते म्हण.

त्या म्हणाल्या, मग तुझा डबा मी ठेवून घेते.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही ताईला घ्यायला डुमना विमानतळावर गेलो. काकांनी हार आणला होता, ती इतकी दमलेली होती की हार तिच्यापेक्षा ताजा दिसत होता. घरी खोव्याची जलेबी, नव्या रंगाचा वास, शेजारचे, पाजारचे. आमच्या जबलपूरच्या मराठीत अर्धी हिंदी असते, त्यामुळे प्रश्नही दोन्ही भाषांत आले. क्या लाई? किती जमवलंस? आता परत जाणार का? लग्नाचं काय? एका ओळखीच्या काकांनी तर डॉलरचा भाव विचारून तिथल्या तिथे हिशेब केला.

पहिले पंधरा दिवस ताई खूप झोपली आणि फार कमी बोलली. जेट लॅग, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. काकू मात्र गोंधळली. तिला वाटलं होतं, पोर घरी आली की फुलेल. एकदा स्वयंपाकघरात ती माझ्या आईला म्हणाली, "घरी आलीय, आपल्या माणसांत आलीय, मग चेहरा असा का?" आईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं पण मी बोलले नाही. आपल्या मनात परदेशातून येणारं माणूस कुठून तरी सुटून येत असतं. सासरहून माहेरी आलेल्या मुलीला आपण तिकडच्या माणसांबद्दल विचारतो, तिकडच्या दिराची, नणंदेची, शेजारणीची चौकशी करतो. अमेरिकेहून आलेल्या मुलीला विचारतो, काय आणलंस.

शेवटी विचारलं आजीने. संध्याकाळ होती, आम्ही गच्चीवर बसलो होतो, मदनमहालच्या टेकडीवर ऊन उतरत होतं. आजी ताईच्या डोक्याला तेल लावत होती. "तिकडे तुझं कोण कोण होतं गं?" ती म्हणाली.

ताई बोलायला लागली. केनियाच्या मैत्रिणीचं हसणं, रूममेटचा रात्रीचा चहा, खालच्या आजी हिवाळ्यात जिन्यावर मीठ टाकतात ते. आजी ऐकत होती. मग तिने स्वतःचं सांगितलं, जे मी पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ती वर्ध्याची. लग्न पंधरा दिवसांत ठरलं आणि ती रेल्वेच्या डब्यात बसून जबलपूरला आली. गल्लीत तिची एक मैत्रीण होती. दोघी रोज नळावर भेटायच्या. लग्नाच्या गडबडीत मैत्रिणीच्या घरी कुणी आजारी होतं, ती आली नाही, आणि आजी तिच्या दारावरून जाऊनही आत गेली नाही. वाटलं, चार महिन्यांनी माहेरपणाला येईन तेव्हा भेटेन. चार महिन्यांनी ते घर रिकामं होतं. बदली झाली होती, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही. आजीने तिचं नाव सांगितलं, तिच्या भावाचं नाव सांगितलं, तिच्या परकराचा रंगही सांगितला.

"दार लोटलेलंच होतं," ती म्हणाली. "नुसतं ढकलायचं होतं."

ताईने तेलाचा हात तसाच धरून ठेवला.

आता ताई जरा सावरली आहे. एक-दोन ठिकाणी अर्ज केलेत, पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत झाली. सकाळी साडेसहाला ती गच्चीवर जाते आणि खालच्या आजींना फोन लावते. त्यांची झोपायची वेळ. रोज नाही, आठवड्यातून एकदा. सुरुवातीला रोज व्हायचा, तो कमी झाला, आणि पुढे आणखी कमी होईल हे तिलाही कळतं. फोनवर आजी कधीकधी स्टीलचा डबा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात. त्यात सध्या त्या बटणं ठेवतात.

त्यांची काचेची डिश इकडे आली आहे. २३ किलोंमध्ये ताईने ती स्वेटरांत गुंडाळून आणली. बॅग उघडली तेव्हा काकू म्हणाली, "हे ओझं कशाला आणलंस? अशा डिशा इथेही मिळतात." मग तिने ती धुऊन शोकेसमध्ये ठेवली, चहाच्या चांगल्या कपांशेजारी. परवा बघते तर डिश ओट्यावर होती आणि ताई त्यात चक्का घोटत होती. काकूने विचारलं, अगं ती जपून ठेवली होती ना?

"परत करायचीय ती," ताई म्हणाली, "तोवर वापरू. वेलची कुठे आहे?"